चार खरे घोडे

"आधी घोडे काढ, ओटफ्रीड. राजा कुठं पळून जात नाही."

हेडविग हे रोज संध्याकाळी म्हणत असे. जेवणाआधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका हाताने बटाट्याचे पातेले मंद आचेवर सरकवत. ओटफ्रीड टोल्के पांढरी मोहरी घेई, ती काळी घेई. तो राजापुढचे प्यादे दोन घरे ढकली, तीही ढकली. तो एक घोडा काढी, तीही काढी. तो दुसरा काढी, तीही दुसरा काढी. चारही घोडे बाहेर येऊन समोरासमोर उभे राहिले की ती हात पुसून म्हणे, "आता बसले सगळे पंगतीला." क्वेर्नस्टेटमध्ये पाळण्यातल्या पोरालाही बुद्धिबळ येते, आणि अशा गावात हा डाव म्हणजे अगदीच सपक, पथ्याच्या जेवणासारखा समजला जाई. पण या नवराबायकोने उभा संसार त्याच डावावर काढला. डाव बहुतेक वेळा बरोबरीत सुटे आणि मग ती दोघे जेवायला बसत. ज्यांच्या घरी भांडण बरोबरीत सुटत नाही, त्यांनी या डावाला सपक म्हणू नये.

"तू नुसती माझी नक्कल करतेस," तो कधी कधी कुरकुरे.

"तू जे करशील तेच मी करीन. शह येईपर्यंत. शहाची नक्कल करता येत नाही. तिथून पुढं ज्याचं त्यानं बघायचं."

दोन हिवाळ्यांपूर्वी हेडविगला शह आला, आणि तिथून पुढचे तिचे तिने बघितले. पण जाण्याआधी, त्या शेवटच्या शरद ऋतूत, उशाला टेकून आलुबुखारे सोलता सोलता तिने नवऱ्याकडून एक शब्द घेतला.

त्याचे असे झाले होते. क्वेर्नस्टेटची जुनी रीत आहे. गावातली मुलगी करायची तर नवऱ्या मुलाने चर्चमधून बाहेर पडल्यावर चौकात गावच्या सरपंचाशी बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा. चौकात काळ्यापांढऱ्या फरशांचा मोठा पट आहे आणि मोहरी म्हणून गावची माणसेच उभी राहतात. नवरदेव हरला तर लग्न मोडत नाही, देवाची कृपा. पण लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत दर शनिवारी चौक झाडावा लागतो. ओटफ्रीड आणि हेडविग यांच्या लग्नाच्या दिवशी घोड्यांच्या जागी खरे घोडे यायचे होते. ऐनवेळी सहकारी शेतीच्या साहेबाने गावचे सगळे घोडे बीट काढायला नेले आणि पटावर उभे राहिले चार झाडू, टोकाला मोजे बांधलेले. हेडविग त्या दिवशी पुष्कळ हसली. इतकी हसली की ते तिच्या मनाला लागले होते हे ओटफ्रीडला कळायला जवळजवळ सगळा संसार जावा लागला.

"मारेनच्या लग्नात खरे आण," ती म्हणाली होती. मारेन म्हणजे त्यांची एकुलती नात. "चारही. झाडू नकोत. आणि चारही बाहेर आले की मला कळव."

"कसं कळवू?"

"ते तू बघ. कारखान्यात कारकून होतास ना?"

ओटफ्रीडने सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली होती. बिटाने भरलेली गाडी काट्यावर येऊन पूर्ण थांबल्याशिवाय त्याने कधी वजन धरले नाही. गाडीवान किती का घाईत असेना. अशा माणसाने शब्द दिला म्हणजे तो तोळामासा कमी भरून चालत नाही. रोज सकाळी अंडे फोडण्याआधी बायबलमधले त्या दिवसाचे वचन वाचायचा हेडविगचा नेम होता. तिच्यामागे तो नेम त्याने उचलला होता, एक दिवसही खंड न पाडता. मारेनने फोनवर लग्न ठरल्याचे सांगितले, त्या सकाळचे वचन नेमके घोड्यांवर भिस्त ठेवू नये अशा अर्थाचे निघाले. त्याने ते दोनदा वाचले, अंड्यावर मीठ घातले आणि स्वतःशी म्हणाला, "भिस्त ठेवत नाही. नुसते आणतो."

नवरा मुलगा लेनार्ट दातांचा डॉक्टर होता, समुद्राकडचा. स्वभावाने सोन्यासारखा, पण बुद्धिबळ म्हणजे त्याला काळे की गोरे ठाऊक नव्हते. ही बातमी शेजारच्या रोसविथाबाईंना कुंपणापलीकडून कळली. रोसविथाबाईंना बहुतेक बातम्या कुंपणापलीकडूनच कळत, म्हणून त्यांनी ते कुंपण कधी उंच होऊ दिले नाही.

"अहो ओटफ्रीड, बुद्धिबळ न येणारा मुलगा? मग तिनं पाहिलं काय त्याच्यात?"

"दात चांगले बसवतो म्हणे."

"असेल. पण झाडू मारायची तयारी ठेवा म्हणावं. आपला सरपंच कुणाला सोडत नाही. माझ्या जावयाचा वजीर त्यानं केक यायच्या आत घेतला होता." मग आवाज खाली आणून, "आणि ते घोड्यांचं खरं का? खरे आणताय?"

ओटफ्रीडने अजून कोणाला काही सांगितले नव्हते. पण रोसविथाबाईंना हेडविगने सांगितले होते. आणि हेडविग गेल्यावर ती गोष्ट इतके दिवस पोटात ठेवण्याचे कष्ट आता संपले, या आनंदात बाई लगेच आत गेल्या आणि सल्ल्याबरोबर द्यायला आलुबुखाऱ्याचा केक घेऊन आल्या.

लेनार्ट शनिवारी येऊ लागला. ओटफ्रीडने त्याला एकच डाव शिकवायचे ठरवले. टेबल तेच, पट तोच. लेनार्ट नकळत हेडविगच्या खुर्चीत बसला तेव्हा ओटफ्रीडचा हात क्षणभर प्याद्यावरच राहिला. पण खुर्ची बसण्यासाठीच असते.

"हे बघ, तू काळा. सरपंच जे करील तेच तू कर."

"सगळं?"

"सगळं. त्यानं घोडा काढला, तू काढ. तुला काही कळत नाही हे त्याला कळायला निदान चार चाली लागल्या पाहिजेत."

"आणि मग?"

"शह आला की नक्कल बंद. मग देवाचं नाव घे."

लेनार्ट मन लावून शिकला. इतके मन लावून, की ओटफ्रीडने कॉफीचा घोट घेतला की तोही घेई. ओटफ्रीडने नाक शिंकरले तेव्हा मात्र मारेन म्हणाली, "लेनार्ट, पुरे!"

इकडे घोड्यांचे काम सुरू झाले होते. प्रथम गावच्या बुद्धिबळ मंडळाची सभा. सरपंच बुर्कहार्ट हाच मंडळाचा अध्यक्ष, आणि ओटफ्रीडचा शाळूसोबती. सभेत खरे घोडे आणावेत की नाही यावर कोणी फारसे बोललेच नाही; सगळी चर्चा घोड्याची शेपटी सरपंचाकडे असावी की नसावी यावर झाली. पांढरा घोडा पुढे तोंड करून उभा राहणार, म्हणजे त्याची मागची बाजू पांढऱ्या राजाकडे, म्हणजे सरपंचाकडे.

"मला चालेल," बुर्कहार्ट मोठ्या मनाने म्हणाला. "सभेत मला याहून वाईट बघावं लागतं."

ठराव पास झाला. पण बुर्कहार्ट जाता जाता ओटफ्रीडच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, घोड्यांसाठी जिल्ह्याच्या कचेरीची परवानगी लागेल बरं का. मी सरपंच आहे, माझ्याच चौकात मी नियम मोडला असं नको व्हायला."

जिल्ह्याच्या कचेरीतल्या बाई मायाळू होत्या. त्यांच्या खिडकीत कुंडी होती, आणि समोर बसलेल्या माणसाला हाकलण्यापेक्षा त्या कुंडीला पाणी घालत.

"घोडे कशासाठी?"

"बुद्धिबळासाठी."

बाईंनी कुंडीला पाणी घातले. "म्हणजे घोडे खेळणार?"

"नाही हो. खेळणार सरपंच आणि माझा नातजावई. घोडे फक्त बाहेर येणार."

"बाहेर येऊन काय करणार?"

"उभे राहणार."

"मिरवणूक, प्रदर्शन, शर्यत की सर्कस?"

"लग्न."

"ते यात नाही. सर्कस लिहिते. सर्कशीला नियम सोपे आहेत."

अशा रीतीने ज्या माणसाने आयुष्यभर उभ्या गाडीखेरीज कशाचे वजन धरले नाही, तो उतारवयात सरकारदरबारी सर्कसवाला झाला. परतीच्या बसमध्ये त्याने ही गोष्ट कोणालाच सांगायची नाही असे ठरवले. घरी पोहोचतो तो कुंपणापलीकडून आवाज आला, "काय सर्कसवाले, मिळाली का परवानगी?" कचेरीतल्या बाई रोसविथाबाईंच्या मावसबहिणीच्या सून होत्या.

परवानगी मिळाली होती, पण दोन अटींवर. घोड्यांवर कोणी बसायचे नाही, दोरीने चालवायचे. आणि गुळगुळीत फरशीवर घोडे उभे करायचे नाहीत, पाय घसरतात. खाली मऊ अंथरावे.

"सोपं आहे," रोसविथाबाई म्हणाल्या. "पांढऱ्या घरांत सुताराकडचा भुसा. काळ्या घरांत काहीतरी काळपट पाहिजे, नाहीतर पट कळायचा नाही."

"राख?" कुंपणाशी आलेल्या बुर्कहार्टने सुचवले.

"आणि चर्चच्या गाणाऱ्या बायका पांढऱ्या झग्यात प्यादी होणार आहेत, त्यांचं काय? गवत घाला. दुसऱ्या कापणीचं, ते गडद हिरवं, क्लोव्हरचं. लांबून काळंच दिसतं. वास काय सुंदर येतो! घोड्यांना अगदी घरच्यासारखं वाटेल."

ही सूचना सगळ्यांना आवडली. आता वाचणाऱ्याला वाटेल, की एवढ्या मोठ्या गावात कोणाच्या काहीच कसे लक्षात आले नाही? त्याला कारण आहे. क्वेर्नस्टेटमध्ये घोडा खातो असे म्हटले की लोक विचारतात, कोणते मोहरे? घोडा अडीच घरे चालतो, तो मधल्या मोहऱ्यांवरून उडी मारतो, तो दोन मोहऱ्यांवर एकदम हल्ला करतो, हे तिथे शेंबड्या पोराला ठाऊक असते. तो गवतही खातो, ही माहिती पटावर कधी लागलेली नाही.

तीन घोडे गावाबाहेरच्या गेजीनेबाईंनी दिले. लोटे आणि फॅनी या दोन पांढऱ्या घोड्या, आणि हान्स हा काळसर घोडा.

"अडीच घरं?" गेजीनेबाई म्हणाल्या. "माझी लोटे जन्मभर बिटाच्या सरीतून सरळ चालत आलीय. तिला वाकडं चालायला तुम्ही शिकवा, मी शिकवणार नाही."

फुटबॉलच्या मैदानावर दोऱ्या आखून तालीम झाली. दोन घरे पुढे, एक बाजूला. लोटे लगेच शिकली. फॅनीही शिकली. हान्सला धरणारा अग्निशमन दलाचा स्वयंसेवक मात्र दर वेळी उजवीडावी चुके आणि हान्स त्याला खांद्याने ढकलून बरोबर घरात नेई. ओटफ्रीडचा ऊर भरून आला. मैदानावर गवत आखूड कापलेले होते, हे इथे सांगून ठेवते.

चौथा घोडा मात्र मिळेना. काळा हवा होता. बुर्कहार्ट म्हणाला, जत्रेतल्या फिरत्या पाळण्यातला लाकडी आणू, मी शब्द टाकतो. रोसविथाबाईंच्या दिरांचे एक गाढव होते.

"रंगानं काळंच आहे हो. कान मागं बांधले तर कुणाला कळणारही नाही."

"त्याला कळेल," ओटफ्रीड म्हणाला. "आणि तिला कळेल." तिला म्हणजे कोणाला हे त्याने सांगितले नाही. तीन खरे आणि एक लाकडी म्हणजे शब्दाचा एक पाय लंगडा. त्या आठवड्यात तो रोज वचन वाची आणि अंडे तसेच ठेवून उठे.

आणि मग एके दिवशी ड्रेवेस आपण होऊन आला. ड्रेवेस म्हणजे गावोगावच्या अंत्ययात्रा नेणारा. त्याच्याकडे जुनी काळी गाडी होती आणि ती ओढायला विओला नावाची काळीभोर घोडी.

"ऐकलं की काळा घोडा पाहिजे," तो टोपी हातात धरून म्हणाला. त्याला प्रत्येक दारात टोपी काढायची सवय होती. "शनिवारी माझ्याकडे कुणी नाही. अजून तरी."

ओटफ्रीडने दार पूर्ण उघडले. विओलाला तो ओळखत होता. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या मागून तो चालला होता, बर्फातून, हळूहळू.

"लग्नात?" रोसविथाबाईंनी कुंपणाची पट्टी घट्ट धरली. "मयताची घोडी? ओटफ्रीड, लोक काय म्हणतील! अपशकुन हो!"

हे मात्र एकट्याने ठरवायचे नव्हते. त्याने मारेनला फोन केला आणि अडखळत सगळे सांगितले.

"आजोबा, आजीला तिनंच नेलं ना?"

"हो."

"मग ती घरचीच झाली. आणा तिला."

लग्नादिवशी ड्रेवेसने घोडी चौकात आणून सोपवताना एवढेच सांगितले, "संध्याकाळच्या आत माझ्याकडे पोहोचवा. शांत आहे, कुणाला त्रास देत नाही. फक्त ती दोरीवर चालत नाही, घंटेवर चालते. घरची वाट धरली की मात्र घंटा लागत नाही." ओटफ्रीडने मान डोलावली. घोडी मिळाल्याच्या आनंदात त्याला ते नीट ऐकू आले नाही. म्हणजे ऐकू आले, पण आत पोहोचले नाही.

लग्नाच्या सकाळी चौक असा सजला होता, की देवाने वरून पाहिले असते तर त्यालाही एक डाव मांडावासा वाटला असता. पांढरा भुसा, गडद गवत, घराला घर लागून. पांढरी प्यादी म्हणजे चर्चमधल्या गाणाऱ्या बायका, काळी प्यादी म्हणजे अग्निशमन दल. कोपऱ्यांत हत्तींच्या जागी पुठ्ठ्याचे बुरूज घालून चार दांडगे बाप्ये उभे. बुर्कहार्ट उंच टोपी घालून पांढऱ्या बाजूच्या चबुतऱ्यावर, लेनार्ट तसलीच टोपी घालून काळ्या बाजूच्या. मारेन पांढऱ्या पोशाखात त्याच्या चबुतऱ्याच्या पायरीवर बसून शेंगदाणे खात होती, कारण भीती वाटली की तिला भूक लागे.

भूक आणखीही कोणाला लागली होती. लग्नाच्या दिवशी चौकात घाण नको, म्हणून घोड्यांना सकाळचा चारा देऊ नये असे रोसविथाबाईंनी सुचवले होते, आणि ओटफ्रीडने ते गेजीनेबाईंना कळवले होते.

ओटफ्रीड स्वतः विओलाची दोरी धरून काळ्या रांगेत उभा होता. अंगात चंदेरी कागदाचे चिलखत. ते बसले की फाटे, म्हणून तो सकाळपासून उभाच होता.

"राजापुढचं प्यादं, दोन घरं!" बुर्कहार्ट गरजला. गाणाऱ्या बायकांतल्या सर्वांत जाड बाई ऐटीत दोन घरे पुढे आल्या.

"राजापुढचं प्यादं, दोन घरं," लेनार्ट म्हणाला. अग्निशमन दलाचा नायक त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने बाईंना सलाम केला.

"घोडा!" फॅनी निघाली. दोन घरे पुढे, एक बाजूला. भुशावर थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेनार्टने हान्सला बोलावले. हान्सने आपल्या माणसाला खांद्याने ढकलत बरोबर घरात नेले. हान्सही भुशावर. ओटफ्रीडच्या डोळ्यांत पाणी आले. दोन झाले, हेडविग.

"दुसरा घोडा!" लोटे निघाली. दोन घरे पुढे, एक बाजूला. आणि तिचे पाय गवतात पडले.

लोटेने मान खाली घातली. प्रथम लोकांना वाटले, नमस्कार करते आहे. मग चावण्याचा आवाज आला. ते घर तिने बघता बघता साफ केले आणि मान वर करून पाहिले. शेजारची घरे भुशाची. गवताची घरे तिरपी. लोटे तिरपी निघाली.

"अहो, हा तर उंट झाला!" गर्दीतून कोणीतरी ओरडले.

"परत आणा! ही चाल नाही!" बुर्कहार्ट म्हणाला. दोरी धरणारी बाई ओढत होती. लोटे बिटाची गाडी ओढणारी, तिला बाई ओढणे काही नवे नव्हते. लोटेला खाताना पाहून हान्सने समोरच्या घरात सरळ पाय टाकला, जिथे गवत होते. आता तो हत्तीसारखा चालू लागला. फॅनीने मागे वळून आपल्याच बाजूचे एक घर खाल्ले. पटाच्या मध्यावर लोटे आणि हान्स एकाच घरात तोंडाला तोंड लावून चरू लागले आणि जाड बाई किंचाळल्या, "माझ्या पायाशी येऊन खातोय हो!"

"माझ्या दवाखान्याच्या खुर्चीत," लेनार्ट हळूच मारेनला म्हणाला, "लोक एवढं मोठं तोंड उघडत नाहीत."

पट भराभर नाहीसा होत होता. पण ओटफ्रीडचे लक्ष तिकडे नव्हते. लोटे आपल्या घरात येऊन थांबली होती, भले मग खायला निघाली. म्हणजे तीन झाले. चौथा राहिला होता. चौथ्याची दोरी त्याच्या हातात होती.

"डाव बंद!" बुर्कहार्टने हात वर केला.

"थांबा!" लेनार्टचा आवाज एवढा मोठा असेल असे कोणाला वाटले नव्हते. "तुमची चाल झाली. माझी राहिलीय. दुसरा घोडा!"

"चल, विओला," ओटफ्रीड म्हणाला. विओला हलली नाही. त्याने दोरी ओढली. त्याने चुचकारले. त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, "अगं, हेडविगसाठी." घोडी पुतळ्यासारखी उभी. चिलखत काखेत फाटले. गावातली माणसे, जी त्याच्या वजनाच्या शब्दावर कधी एक मूठ बीट कमीजास्त करू शकली नव्हती, ती आता तोंडावर रुमाल धरून हसत होती. आणि ज्याला सर्कस म्हणतात ती याहून वेगळी काय असते, असे त्याला वाटून गेले.

तेवढ्यात चर्चची बाराची घंटा वाजली.

विओलाने मान ताठ केली आणि चालू लागली. एकेक पाऊल, सावकाश, जड, गंभीर. तिच्या पुढ्यातले अग्निशमन दलाचे प्यादे आपोआप बाजूला झाले. दोन घरे पुढे. एक बाजूला. बरोबर त्याच घरात. चारही घोडे—

विओला थांबली नाही. घंटा वाजत होती आणि विओला चालत होती. पट ओलांडून, चबुतऱ्यासमोरून, स्मशानाच्या रस्त्याला. दोरीला धरून ओटफ्रीड तिच्यामागे चालला होता. त्या चालीमागे कसे चालायचे हे त्याच्या पायांना ठाऊक होते.

चौकातले हसू विझले. ती चाल सगळ्यांच्या ओळखीची होती. कोणाच्या घरून ती घोडी गेली नव्हती? बुर्कहार्टने नकळत टोपी काढली. लेनार्टने त्याच्याकडे पाहून टोपी काढली. बुर्कहार्टने हात जोडून पोटाशी धरले. लेनार्टनेही धरले. गाणाऱ्या बायकांतून कोणीतरी सवयीने अंत्ययात्रेच्या स्तोत्राची पहिली ओळ उचलली आणि बाकीच्या तिला सामील झाल्या. नवी नवरी पायरीवर शेंगदाणे हातात धरून उभी राहिली.

घंटा थांबली. चौकाच्या टोकाशी विओलाही थांबली, आणि गर्दीतल्या ड्रेवेसने धावत जाऊन तिला वळवून आणले.

बुर्कहार्टने भानावर येऊन टोपी घातली. लेनार्टने टोपी घातली. बुर्कहार्टने कपाळावरचा घाम पुसला. लेनार्टने पुसला.

"अरे, हे काय करतोस तू?" बुर्कहार्ट म्हणाला.

लेनार्टने बोट त्याच्याकडे रोखले. "अरे, हे काय करतोस तू?"

सरपंच त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचे पोट हलू लागले. मग तो हसला. लेनार्टही हसला, आता नक्कल होती की खरे, कोण जाणे. सगळा चौक हसला.

"याला शह द्यायला माझ्याकडे घोडा उरलेला नाही," बुर्कहार्ट डोळे पुसत म्हणाला. "आणि पट तर त्यांनी खाल्लाच. बरोबरी! झाडू नको. चला, बटाट्याचं सॅलड गार होतंय."

"आता सगळं गारच खायचं," रोसविथाबाई म्हणाल्या. "पण अपशकुन म्हटलेलं मी मागं घेते."

सगळे टेबलांकडे गेले. मारेनने येऊन आजोबांच्या गालाचे चुंबन घेतले. त्यांच्या चिलखताचा एक तुकडा तिच्या पोशाखाला चिकटला. "आजोबा, चार खरे घोडे! सगळ्या गावात कुणाच्या लग्नात नव्हते!"

"हो," तो म्हणाला. पण त्याला सॉसेज गोड लागेना. तो कोपऱ्यात बसला आणि समोरच्या खाल्लेल्या पटाकडे बघत राहिला. रोसविथाबाई दोनदा येऊन ताट भरून गेल्या आणि तिसऱ्यांदा नुसत्या शेजारी बसल्या.

"अहो, आली ना चौथी बाहेर? मी बघितलं. पाय बरोबर घरात पडला."

"पडला. पण थांबली नाही."

"म्हणजे?"

"काट्यावरून जाणाऱ्या गाडीचं वजन धरत नाहीत, रोसविथा. गाडी थांबावी लागते."

रोसविथाबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने उठून केक कापायला गेल्या.

दुपार कलली. चौकात बाजा सुरू झाला. गेजीनेबाई आपले तीन तृप्त घोडे घेऊन जायच्या तयारीला लागल्या. विओला चर्चच्या भिंतीशी एकटी उभी होती. ओटफ्रीडने उरलेले चिलखत उतरवले, घडी करून बाकावर ठेवले, केस हाताने नीट केले आणि तिची दोरी सोडली. तिला संध्याकाळच्या आत पोहोचवायचे होते. ड्रेवेसच्या घराची वाट स्मशानावरून जाते.

फाटकापर्यंत जायचे, एवढेच त्याने ठरवले. आत घोडा नेऊ नये हे त्याला कळत होते. पण त्या फाटकाशी विओला नेहमी थांबते. घंटा असो, नसो; अगदी पूर्ण थांबते. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने ते पाहिले होते. तिथून हेडविगची जागा दिसते. तिथे थांबली की मोजायला हरकत नव्हती.

चौकाच्या तोंडाशी मागून टापा वाजल्या. लग्नाच्या काळ्या कोटात लेनार्ट लोटेची दोरी धरून उभा होता. त्याच्यामागे गेजीनेबाई कंबरेवर हात ठेवून पाहत होत्या.

"मारेननं सांगितलं," तो म्हणाला. "आजींना कळवायचंय म्हणून."

"तू थांब. तुझं लग्न आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, समोरचा जे करील तेच करायचं."

ओटफ्रीडने मान हलवली. मग विओलाच्या मानेवर थाप मारली. ती निघाली, एकेक पाऊल, सावकाश, जड, गंभीर. तिला दुसरे चालणे ठाऊकच नव्हते.

"आज जरा भरभर चल, बाई," तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला. "आज लग्नाची बातमी न्यायचीय."